प्रत्युत्तर प्रमाणाबाहेर गेलं का? आधी विचारा, कशाच्या प्रमाणात?

प्रश्न थोडक्यात असा आहे : सीमेपलीकडून हल्ला झाला, दहा-वीस माणसं गेली. सरकारने प्रत्युत्तर दिलं, त्यात पलीकडची दोनशे गेली. मग हे प्रत्युत्तर प्रमाणाबाहेर गेलं म्हणायचं का? 'जशास तसं' म्हणतात, पण किती तसं?

एवढ्या माहितीवर उत्तर देता येत नाही. उत्तर ज्यावर ठरतं ते यात काहीच आलेलं नाही. ते दोनशे कोण होते? पहिला हल्ला संपला होता की चालू होता? तो पलीकडच्या लष्कराने केला, की तिथे आसरा घेतलेल्या एखाद्या गटाने? प्रत्युत्तरातून नेमकं काय साधायचं होतं? मृतांचे दोन आकडे शेजारी मांडून भागाकार करणं हा या विषयातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात निरुपयोगी उद्योग आहे. आकडा इशारा देतो; निकाल देत नाही.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे जून २०१९. इराणने २० जूनला अमेरिकेचं एक मानवरहित टेहळणी विमान पाडलं. प्रत्युत्तराचा हल्ला ठरला आणि ऐनवेळी मागे घेतला गेला. ट्रम्प यांनी दुसऱ्या दिवशी कारण सांगितलं ते असं : दीडशे माणसं मरतील असा अंदाज होता आणि मानवरहित विमान पाडल्याच्या मानाने ते प्रमाणात नव्हतं. निर्णय शहाणपणाचा होता, पण तर्क घोटाळ्याचा. ती दीडशे माणसं रडार आणि क्षेपणास्त्रांच्या तळांवरचे सैनिक असतील, तर एका हिशेबात त्यांचा आकडा मोजलाच जात नाही. आणि दुसऱ्या हिशेबात प्रश्न वेगळाच असतो : विमान तर पडून गेलं, आता या हल्ल्याने कोणता धोका थांबणार होता? ट्रम्प यांनी दोन हिशेब एकत्र कालवले. बहुतेक सगळेच तसं करतात.

कायद्यात इथे एकाच नावाचे दोन तराजू आहेत. (मराठीत 'प्रमाणबद्धता' हा शब्द रूढ आहे, पण तो मूर्तीला किंवा इमारतीला शोभतो. इथे नुसतं 'प्रमाण' म्हटलेलं बरं.) पहिला तराजू अख्ख्या कारवाईचा. त्यात एका पारड्यात देशाने वापरलेलं एकूण बळ आणि दुसऱ्या पारड्यात हल्ला परतवण्याची, थांबवण्याची गरज. हा नियम संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या कलम ५१ च्या स्वसंरक्षणाच्या हक्काबरोबर येतो. कलमात तो शब्दशः लिहिलेला नाही, पण रूढ (म्हणजे करारात नसला तरी देशांच्या प्रथेतून बंधनकारक ठरलेल्या) आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग म्हणून आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो १९८६ च्या निकाराग्वा विरुद्ध अमेरिका खटल्यात स्पष्ट मान्य केला. दुसरा तराजू एकेका माऱ्याचा, एकेका बॉम्बचा. त्यात एका बाजूला नागरिकांची आणि नागरी मालमत्तेची अपेक्षित हानी, दुसऱ्या बाजूला त्या माऱ्यातून अपेक्षित असलेला ठोस आणि थेट लष्करी फायदा. हा १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त जिनिव्हा करारातला, कलम ५१ मधला. दोन्हीकडे कलम ५१ असणं हा निव्वळ योगायोग, पण त्याने गोंधळात भर पडते. अमेरिका, इस्रायल, भारत, पाकिस्तान, इराण यांपैकी कुणीही तो अतिरिक्त करार मंजूर केलेला नाही. पण हा विशिष्ट नियम रूढ कायदा म्हणून सगळ्यांना लागू धरला जातो, त्यामुळे 'आम्ही करार मंजूर केला नाही' ही पळवाट इथे चालत नाही.

दोन्ही तराजू स्वतंत्र आहेत. अख्खी कारवाई न्याय्य असेल आणि तिच्यातला एखादा मारा युद्धगुन्हा असेल. उलट, मुळात बेकायदा असलेल्या स्वारीतही एखादा मारा नियमात बसू शकतो. 'सुरुवात त्यांनी केली' हे वाक्य पहिल्या तराजूत वजनदार आहे. दुसऱ्यात त्याचं वजन शून्य.

आता पहिला तराजू. याची जुनी कथा १८३७ ची. कॅनडातल्या बंडखोरांना रसद पुरवणारी 'कॅरोलाइन' ही आगबोट नायगारा नदीच्या अमेरिकी काठाला उभी होती. २९ डिसेंबरच्या रात्री ब्रिटिश तुकडीने नदी ओलांडून ती पेटवली आणि धबधब्याच्या दिशेने सोडून दिली. त्यावरून चाललेल्या पत्रव्यवहारात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी १८४१ मध्ये जी अट घातली ती आजही उद्धृत होते : गरज तातडीची हवी, दुसरा मार्ग उरलेला नको, आणि त्या गरजेने सुरू झालेली कृती त्याच गरजेच्या मर्यादेत राहायला हवी. शेवटचा भाग महत्त्वाचा. प्रमाण मोजायचं ते झालेल्या जखमेच्या मापाने नव्हे, उरलेल्या गरजेच्या मापाने.

याचे परिणाम दोन्ही बाजूंनी अनपेक्षित निघतात. हल्ला भीषण होता, पण हल्लेखोर मारले गेले आणि पुढचा हल्ला येण्याचं काही चिन्ह नाही, तर कायद्याने परवानगी असलेलं बळ जवळजवळ शून्य. चीड कितीही रास्त असली तरी. उलट, हल्ल्यात एकही माणूस दगावलं नाही, पण रोज तीस रॉकेटं येताहेत आणि उद्याही येणार आहेत, तर ती बंद पाडायला लागेल तेवढं बळ प्रमाणात धरता येतं, मग पलीकडची हानी आकड्याने कितीतरी मोठी का असेना.

१९८२ चं फॉकलंड युद्ध इथे पाहण्यासारखं आहे. अर्जेंटिनाने २ एप्रिलला बेटं घेतली. ब्रिटनने कलम ५१ चा आधार घेतला आणि उद्दिष्ट एका ओळीत मांडलं : बेटं परत घेणं. पुढचे अडीच महिने युद्ध जवळपास त्या उद्दिष्टापुरतंच राहिलं. ब्रिटिश जहाजांवर हल्ले करणारी विमानं अर्जेंटिनाच्या मुख्य भूमीवरच्या तळांवरून उडत होती, तरी त्या भूमीवर बॉम्बफेक झाली नाही. १४ जूनला शरणागती झाली आणि लढाई तिथेच थांबली. याच युद्धात २ मेला ब्रिटिश पाणबुडीने 'जनरल बेलग्रानो' ही क्रूझर बुडवली, ३२३ माणसं गेली. ती ब्रिटनने जाहीर केलेल्या दोनशे सागरी मैलांच्या क्षेत्राबाहेर होती, म्हणून त्यावर वर्षानुवर्षं काथ्याकूट चालू आहे. पण ती युद्धनौका होती, तिच्यावर जवळपास सगळे नौसैनिकच होते. नागरी हानीच्या तराजूत त्या मृत्यूंची नोंद होत नाही. पहिल्या तराजूत विचारायचं एवढंच : बेटं परत घेण्याच्या मोहिमेला तिचा धोका होता का? या प्रश्नाला होकार देता येतो असं माझं मत. क्षेत्राच्या रेषेवरचा वाद राजकीय जास्त आहे.

न्यायालयाने प्रमाण प्रत्यक्ष तोलल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. त्यातलं सगळ्यात तपशीलवार म्हणजे तेलफलाटांचा (समुद्रात तेल काढण्यासाठी उभारलेल्या फलाटांचा) खटला, इराण विरुद्ध अमेरिका, निकाल ६ नोव्हेंबर २००३. इराण-इराक युद्धाच्या उत्तरार्धात आखातात तेलवाहू जहाजांवर हल्ले चालू होते. १६ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकी झेंडा लावलेल्या 'सी आइल सिटी' या कुवेती टँकरवर क्षेपणास्त्र आदळलं. तीन दिवसांनी अमेरिकी नौदलाने इराणच्या रेशादत तेलफलाटांचा विध्वंस केला. पुढे १४ एप्रिल १९८८ ला 'सॅम्युएल बी. रॉबर्ट्स' ही अमेरिकी फ्रिगेट सुरुंगावर आदळली. जहाजाला मोठं भगदाड पडलं, पण ते बुडालं नाही आणि कुणी मेलं नाही. चार दिवसांनी अमेरिकेने मोठी मोहीम काढली : आणखी दोन ठिकाणचे तेलफलाट उद्ध्वस्त, 'सहंद' ही इराणी फ्रिगेट बुडाली, 'सबलान' निकामी झाली, वर इतर नौका.

न्यायालयाने काय केलं ते पायरीपायरीने पाहा, कारण हाच क्रम कुठल्याही प्रसंगाला लावता येतो. पहिली पायरी, हल्ला याच देशाने केला हे सिद्ध आहे का? क्षेपणास्त्र आणि सुरुंग दोन्ही इराणचेच, हे न्यायालयाच्या समाधानाइतकं सिद्ध झालं नाही. दुसरी, जे लक्ष्य निवडलं त्याचा धोक्याशी संबंध होता का? तेलफलाटांवरून इराण लष्करी हालचाली करतो असं अमेरिका म्हणत होती, पण त्याबद्दल तिने आधी इराणकडे कधी तक्रार केल्याचं दिसत नव्हतं. न्यायालयाने गरज नाकारली ती इथे. तिसरी पायरी प्रमाणाची. पहिल्या कारवाईबद्दल न्यायालय म्हणालं की, गरज सिद्ध झाली असती तर ती कदाचित प्रमाणात धरता आली असती. दुसऱ्या कारवाईबद्दल मात्र स्पष्ट नकार : कुणी पेरला हे माहीत नसलेल्या सुरुंगाने एका जहाजाचं नुकसान झालं, माणूस दगावलं नाही, त्याच्या उत्तरादाखल अख्खी मोहीम प्रमाणात बसत नाही. न्यायालयाने तेलफलाट सुटे काढून तोलले नाहीत. ज्या मोठ्या मोहिमेचा ते भाग होते ती मोहीम पारड्यात टाकली. सरकारं नेहमी उलट करतात. एकेक हल्ला सुटा दाखवतात, म्हणजे प्रत्येक लहान दिसतो. (खटल्याचा शेवट गमतीचा आहे. बळाचा वापर समर्थनीय नव्हता असं म्हणूनही, १९५५ च्या व्यापार कराराचा भंग झाला नाही म्हणून इराणला भरपाई मिळाली नाही.)

दुसरा निकाल १९ डिसेंबर २००५ चा, काँगो विरुद्ध युगांडा. पूर्व काँगोतून बंडखोर गट युगांडावर हल्ले करत होते. युगांडाने सैन्य आत घातलं आणि ते किसांगानीपर्यंत गेलं. ते हल्ले काँगो सरकारचे म्हणता येत नाहीत, त्यामुळे मूळ हक्कच निकाली निघाला. तरीही न्यायालयाने जाता जाता नोंदवलं की, सीमेपासून शेकडो किलोमीटर आत जाऊन विमानतळ आणि शहरं ताब्यात घेणं हे सीमेवरच्या हल्ल्यांच्या मालिकेच्या प्रमाणात दिसत नाही. इथे मृतांचा आकडा नाही, अंतर आहे. सीमेलगतच्या छावण्या उठवायला निघालेलं सैन्य शेकडो किलोमीटरवरच्या विमानतळावर काय करतं आहे, हा प्रश्न नकाशा उघडला की कुणालाही पडावा. २०२२ मध्ये न्यायालयाने युगांडाला साडेबत्तीस कोटी डॉलर भरपाई भरायला सांगितली.

हल्ला बिगरसरकारी गटाने केला असेल तर प्रमाण आणखी आवळतं. शत्रू तो गट. ज्याच्या भूमीवर तो बसला आहे तो देश नव्हे, निदान त्या देशाचाच हात सिद्ध होईपर्यंत. 'यजमान देश कारवाई करायला नाखूश किंवा असमर्थ आहे' हा युक्तिवाद अमेरिकेने सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियाबाबत सुरक्षा परिषदेला लिहिलेल्या पत्रात वापरला. अनेक देशांना तो मान्य नाही. पण तो मान्य केला तरी त्यातून मुभा मिळते ती गटाच्या तळांवर जाण्याची. यजमान देशाची राजधानी, वीजकेंद्रं, धरणं त्यात येत नाहीत. जुलै २००६ मध्ये लेबनॉनमधल्या हिजबुल्ला गटाने सीमा ओलांडून इस्रायली सैनिक मारले आणि दोघांना पळवून नेलं. दुसऱ्या दिवशी लेबनॉनची राजधानी बैरूतच्या विमानतळावर इस्रायलचे बॉम्ब पडले. महासचिव कोफी अन्नान यांनी २० जुलैला सुरक्षा परिषदेत हिजबुल्लाचा निषेध केला, इस्रायलचा स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला, आणि बळाच्या अतिरेकाचा निषेधही केला. तिन्ही विधानं एका दमात. यात विसंगती काही नाही. हक्क असणं आणि माप चुकणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

कारवाई अगदी लहान असली तरी प्रश्न सुटतोच असं नाही. १ मार्च २००८ ला कोलंबियाने फार्क या कोलंबियातल्याच बंडखोर गटाची छावणी उडवली. ती सीमेपासून जेमतेम १८०० मीटर आत, पण इक्वेडोरच्या जंगलात होती. बळाचं माप फार मोठं नव्हतं. तरी चार दिवसांत अमेरिकी देशांच्या संघटनेने सार्वभौमत्वाचा भंग झाला असं ठरवलं.

मग 'वचक बसवणं' हे उद्दिष्ट चालतं का? खरा वाद इथे आहे, आणि सरकारी निवेदनं इथेच सगळ्यात गुळगुळीत होतात. कायद्याचं पुस्तकी उत्तर नाही असं आहे. १९६४ मध्ये ब्रिटिश विमानांनी येमेनमधला हारिबचा किल्ला उडवला तेव्हा सुरक्षा परिषदेने ठराव १८८ ने बदल्याच्या कारवाया सनदेच्या उद्देशांशी विसंगत ठरवल्या. आमसभेच्या १९७० च्या मैत्रीसंबंधांच्या जाहीरनाम्यातही तेच. व्यवहारात मात्र देश बदला घेतात, आणि तो आटोपशीर असेल तर जग कानाडोळा करतं. जानेवारी २०२४ मध्ये इराणने १६ तारखेला पाकिस्तानी बलुचिस्तानात मारा केला, पाकिस्तानने १८ ला इराणच्या सिस्तान-बलुचिस्तानात केला. दोघांनीही लक्ष्य 'अतिरेकी' असल्याचं सांगितलं, आणि महिना संपायच्या आत राजदूत परतले. कायद्याच्या कसोटीवर दोन्ही मारे डळमळीत, पण फिट्टंफाट झाली आणि सगळे गप्प बसले.

माझं मत विचाराल तर फरक असा करावा. 'अमुक तळावर अमुक गट पुढच्या हल्ल्याची तयारी करतोय, तो तळ मोडायचा' हे उद्दिष्ट मोजता येतं. तळ मोडला की काम संपलं. 'पुन्हा हिंमत होऊ नये' हे मोजता येत नाही. किती मारल्यावर हिंमत होणार नाही? वचकाला वरची मर्यादाच नसते. पारड्यात असं काही ठेवलं की दुसरीकडे कितीही वजन टाकता येतं, आणि मग तो तराजू राहत नाही.

म्हणून कुठल्याही प्रसंगात आधी सरकारचं पहिलं अधिकृत निवेदन काढून वाचावं, भाषणं नंतर. कलम ५१ खाली कारवाई केली तर सुरक्षा परिषदेला ताबडतोब कळवावं लागतं. त्या पत्रात चार गोष्टी शोधा : कोणता हल्ला, कुणी केला, आम्ही कशावर मारा केला, कशासाठी. निकाराग्वा खटल्यात अमेरिकेकडून असं पत्रच न गेल्याचं न्यायालयाने नोंदवलं, कारण ज्याने कळवलं नाही त्याला आपण स्वसंरक्षण करतोय याची स्वतःलाच खात्री नव्हती असा अर्थ निघू शकतो. भारताचं २६ फेब्रुवारी २०१९ चं बालाकोटचं निवेदन या दृष्टीने घडीव आहे. कारवाईला 'बिगरलष्करी प्रतिबंधात्मक' म्हटलं होतं, लक्ष्य जैशचा तळ, पुढचे हल्ले होणार असल्याची माहिती, आणि ठिकाण डोंगरमाथ्यावर दाट जंगलात, नागरी वस्तीपासून दूर. 'बिगरलष्करी' म्हणजे पाकिस्तानी लष्कर हे लक्ष्य नव्हतं. पहिला आणि दुसरा, दोन्ही तराजू दोन-तीन वाक्यांत सांभाळले आहेत. भारताच्या ७ मे २०२५ च्या 'ऑपरेशन सिंदूर'च्या निवेदनातही तीच घडण : नऊ ठिकाणं, मोजूनमापून केलेली, चिघळवणारी नसलेली कारवाई, पाकिस्तानी लष्करी ठिकाणांवर मारा नाही. पाकिस्तानने नागरिक मारले गेल्याचं सांगितलं, प्रतिहल्ले झाले, आणि १० मेला थांबेपर्यंत दोन्हीकडचे हवाई तळ लक्ष्य झाले होते. निवेदन पुरावा नसतो. पण त्यात सांगितलेलं उद्दिष्ट हेच पुढचं माप असतं, आणि प्रत्येक नव्या फेरीला ते माप नव्याने लावावं लागतं.

दुसऱ्या तराजूकडे येऊ. इथे तत्त्वं कमी आणि हिशेब जास्त.

समजा सीमेपलीकडच्या एका गावातून ग्रॅड रॉकेटं सुटताहेत. ग्रॅड म्हणजे ट्रकवर बसवलेल्या चाळीस नळ्या, १२२ मिलिमीटरची रॉकेटं, पल्ला साधारण वीस किलोमीटर. चाळीसही रॉकेटं वीसेक सेकंदांत सुटतात आणि ट्रक निघून जातो. तोफशोधक रडार रॉकेट हवेत असतानाच उड्डाणाचं ठिकाण काढून देतं : एका घराचं अंगण. शेजारी आणखी तीन घरं. मारा करायचा का?

ट्रक अजून तिथे आहे, नळ्या भरल्या जाताहेत, असं ड्रोनच्या चित्रात दिसत असेल तर लष्करी फायदा मोठा आहे. पुढची चाळीस रॉकेटं वाचतात. त्यासाठी काही नागरी हानी कायदा सहन करतो. तोच मारा दहा मिनिटांनी, ट्रक गेल्यावर केला तर? घरं तीच, माणसं तीच, बॉम्ब तोच. पण फायदा एका रिकाम्या अंगणाएवढा. आता तो प्रमाणाबाहेर आहे. नेहमी होणारी चूक म्हणजे हीच : रडारने दिलेल्या बिंदूवर आपोआप प्रतिमारा करणं, तिथे आत्ता काय आहे ते न पाहता.

मग हत्यार. मार्गदर्शन नसलेला १५५ मिलिमीटरचा तोफगोळा लांब पल्ल्यावर लक्ष्यापासून शे-दोनशे मीटर इकडे-तिकडे पडू शकतो, त्यामुळे एक ट्रक गाठायला अनेक गोळे टाकावे लागतात, आणि गावात ते उरलेले कुठे पडतात हे वेगळं सांगायला नको. हत्यारांच्या माहितीपत्रकात 'सीईपी' म्हणून एक आकडा असतो. पाच मीटर सीईपी वाचून लोक समजतात की बॉम्ब पाच मीटरच्या आत पडतो. त्याचा अर्थ, निम्मे पाच मीटरच्या आत पडतात. निम्मे बाहेर. नेमकेपणाइतकंच वजनही महत्त्वाचं. नऊशे किलोच्या वर्गातल्या बॉम्बमध्ये चारशे किलोंहून अधिक स्फोटकं असतात. तोही उपग्रहाच्या मदतीने अचूक पडतो, आणि अचूक पडूनही शेजारची घरं पाडतो. ट्रकसाठी एकशे दहा किलोच्या वर्गातला लहान बॉम्ब पुरतो. फ्यूजला (स्फोट घडवणाऱ्या कळीला) किंचित विलंब दिला तर बॉम्ब जमिनीत शिरून फुटतो, छर्रे कमी उडतात. येण्याची दिशा बदलली की भिंत आडोशाला येते. हे सगळं करून बघितल्यावरही जी हानी उरते, ती तोलायची. कमी हानीचा पर्याय हाताशी असताना जड बॉम्ब वापरला तर प्रमाणापर्यंत जायच्या आधीच खबरदारीचा नियम मोडतो.

वेळेचं गणित उलटसुलट असतं. कारखाना, कार्यालय रात्री रिकामं होतं. घरं रात्री भरतात. २६ जून १९९३ ला अमेरिकेने बगदादमधल्या इराकी गुप्तचर मुख्यालयावर २३ टॉमाहॉक क्षेपणास्त्रं सोडली, मुद्दाम रात्री, इमारतीत माणसं कमी असावीत म्हणून. तीन क्षेपणास्त्रं भरकटून वस्तीत पडली, आठ नागरिक गेले. नेमकी घरं भरलेल्या वेळी. यावरून तो मारा प्रमाणाबाहेर ठरतो का? नाही, तोलायची ती आधी अपेक्षित असलेली हानी, नंतर झालेली नव्हे. पण २३ मधली काही भरकटणार हे गृहीत धरायला हवं होतं का, हा प्रश्न रास्तच आहे.

उलट, मारा अचूक पडूनही सपशेल चुकू शकतो. ऑगस्ट १९९८ मध्ये केनिया आणि टांझानियातल्या दूतावासांवरच्या हल्ल्यांनंतर अमेरिकेने सुदानमधला अल-शिफा हा औषध कारखाना उडवला. आधार होता मातीचा नमुना आणि रासायनिक अस्त्रांच्या घटकाचा संशय. तो पुढे टिकला नाही. लक्ष्यच लष्करी नसेल तर प्रमाणाचा प्रश्न उद्भवतच नाही. फायद्याचं पारडं रिकामं असतं.

वीजकेंद्र, पूल, इंधनाच्या टाक्या यांचा हिशेब तर हमखास तोकडा पडतो. केंद्रावर रात्रपाळीला बाराच माणसं होती म्हणून नागरी हानी बारा, असं होत नाही. वीज गेली की पाण्याचे पंप थांबतात, सांडपाणी तुंबतं, रुग्णालयं जनित्रांवर येतात आणि डिझेल संपतं. १९९१ मध्ये इराकमध्ये हे घडलेलं आहे, त्यामुळे आता कुणालाही 'हे अपेक्षित नव्हतं' म्हणता येत नाही.

शत्रू नागरिकांच्या आड लपला तर? तो स्वतः गुन्हा करतो, पण त्या नागरिकांचं वजन पारड्यातून कमी होत नाही. करारातच तसं लिहिलं आहे. इशाऱ्याचंही तेच. फोन केला, पत्रकं टाकली, तरी जे गेले नाहीत किंवा जाऊ शकले नाहीत ते नागरिकच राहतात.

आणि काही गोष्टी तराजूवर चढवायच्याच नसतात. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात हमासने सुमारे बाराशे माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. नागरिकांना ठरवून मारणं आणि ओलीस धरणं याला कुठलंही उद्दिष्ट माफी देत नाही. दोन दिवसांनी इस्रायलच्या संरक्षणमंत्र्यांनी गाझाची वीज, अन्न, इंधन सगळं तोडणारा संपूर्ण वेढा जाहीर केला. लोकसंख्येला उपाशी ठेवणं हे युद्धाचं साधन म्हणून मुळातच निषिद्ध आहे. 'प्रमाणात उपासमार' असं काही नसतं. त्यानंतर गाझातले मृत दहा हजारांच्या पटीत गेले आणि दोन्ही बाजू त्या आकड्यांवर भांडत राहिल्या. वेढ्याचा प्रश्न मात्र आकडा मोजायच्या आधीच निकालात निघतो.

बाहेरून तपासणाऱ्याची अडचण अशी की दुसऱ्या तराजूचं एक पारडं, म्हणजे सेनापतीला त्या क्षणी काय माहीत होतं ते, नेहमी फायलीत बंद असतं. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने बोस्नियातल्या सर्ब जनरल गालिच यांच्या खटल्यात २००३ मध्ये कसोटी दिली : सेनापतीच्या जागी, हाती असलेल्या माहितीचा वाजवी वापर करणाऱ्या जाणत्या माणसाला अतिरेकी नागरी हानी अपेक्षित वाटली असती का? कसोटी ठीक आहे, पण आकडा देत नाही. आकडा देण्याचा एक प्रयत्न झाला होता. ऑगस्ट १९९५ मध्ये क्रोएशियाच्या सैन्याने क्निन शहरावर तोफा डागल्या; त्याच न्यायाधिकरणाच्या खालच्या पीठाने २०११ मध्ये गोळ्यांच्या खुणा नकाशावर मांडल्या आणि कुठल्याही लष्करी लक्ष्यापासून दोनशे मीटरपेक्षा लांब पडलेला गोळा बेकायदा धरला. क्रोएशियाचे जनरल गोटोविना यांना चोवीस वर्षांची शिक्षा झाली. १६ नोव्हेंबर २०१२ ला अपील पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांची सुटका केली. दोनशे मीटरचं माप निराधार आहे, यावर मात्र पाचही न्यायाधीश एकमताचे होते. त्याऐवजी किती मीटर धरायचे, ते त्यांनी सांगितलं नाही.